आयर्लंडचा दुष्काळ

आयरिश भाषेत आपत्तीला 'तुबश्ते' हा रोजच्या वापरातला शब्द आहे. पण १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि पुढच्या काही वर्षांत गावंच्या गावं ओस पडली, त्या संकटाला आयरिश बोलणाऱ्यांनी वेगळं नाव दिलं : 'द्रोखहील'. 'द्रोख' म्हणजे वाईट. 'सील' म्हणजे आयुष्य, जग, काळ. मूळ लॅटिन 'सेकुलुम', म्हणजे युग.

आयरिशमध्ये विशेषण सहसा नामानंतर येतं. 'द्रोख' मात्र नामाच्या आधी येऊन त्याला चिकटतं, एकटं कधी उभं राहत नाही. चिकटताना ते नामाचं पहिलं व्यंजन मऊ करतं. म्हणून 'सील'चा 'हील' होतो. लिहिताना 'स' जागेवरच असतो, शेजारी एक 'ह' येऊन बसतो. उच्चारात मात्र 'स' विरतो आणि नुसता श्वास ऐकू येतो.

आपला 'दुष्काळ' असाच घडला आहे : दुः अधिक काळ. इथे विसर्गाचा 'ष' होतो, तिथे 'स'चा 'ह'. 'द्रोख' हा काही 'दुः'चा भाऊ नव्हे. 'सु' आणि 'दुः' यांची सख्खी भावंडं आयरिशमध्ये 'सो' आणि 'दो' होऊन नांदतात. 'सोना' म्हणजे सुखी, 'दोना' म्हणजे अभागी; 'सोखर' लाभ, 'दोखर' हानी. इतक्या दूरच्या बेटावर ही जोडी भेटते, याचा मला फार आनंद होतो.

इंग्रजीने या संकटाला बटाट्याचं नाव दिलं, आणि दोष पिकावर गेला. बटाटा सडला हे खरंच. पण त्याच वर्षांत धान्य जहाजांत भरून ब्रिटनला जात होतं, खंड थकला म्हणून कुळांना बाहेर काढून त्यांच्या घरांची छपरं पाडली जात होती. सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि तापाने मेली, दहा लाखांहून अधिकांनी देश सोडला. १८४१ मध्ये ८२ लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. सर्वांत जास्त झळ पश्चिमेकडच्या गरिबांना बसली, आणि आयरिश बोलणारे मुख्यतः तेच. ज्यांनी हे नाव ठेवलं, तेच त्यात संपत गेले.

'द्रोखहील'मध्ये बटाटा नाही, भूकही नाही. खंड, ताप, बोटी, शवपेटीविना पुरलेली माणसं, सगळंच त्यातल्या 'काळा'त येतं. मराठीत इंग्रजीवरून 'बटाट्याचा दुष्काळ' लिहिलं जातं, ते थांबवावं. नुसतं 'आयर्लंडचा दुष्काळ' लिहा. आपला शब्द पुरेसा आहे.