शीतगृहातील कोळंबी

मिरकरवाडा बंदरात पहाटे उतरलेली कोळंबी, निवडून सोलल्यावर माणसाचा हात न लागता, सरकत्या जाळीवरून उणे 40 अंशांच्या वायुझोतात शिरते आणि काही मिनिटांतच सुटीसुटी, टणक होऊन बाहेर पडते, हे आज पाहताना मन विस्मयाने भरून आले. सारे मर्म त्वरेत आहे. उणे 1 ते उणे 5 अंशांच्या दरम्यान ती रेंगाळली, तर मांसात हिमाचे मोठे स्फटिक बनून पेशी फाटतात आणि वितळताना काही सत्त्व पाण्यावाटे निघून जाते. पुढे गोठलेल्या कोळंबीवर थंड पाण्याची झिलई चढते. त्या पारदर्शक पापुद्र्याखाली शेपटीची तांबूस कड स्पष्ट दिसत होती. उणे 18 अंशांच्या कोठारातील तपमानाचे दफ्तरही यंत्रच राखते. हर्णैच्या वाळूवर मासळी नासण्याआधी लिलावाची घाई करणाऱ्या कोळ्यांना अशी कोठारे सहकारी तत्त्वावर, सावकाराच्या अमलाबाहेर, मिळावयास हवीत.