लायराचा हमजाद

जादू म्हणजे सिहर आणि सिहर हराम, तेव्हा असले पुस्तक घरात नको, हे एक मत. पोरगी वाचते आहे ना, वाचू द्या, इंग्रजी सुधारेल, हे दुसरे. फिलिप पुलमन या इंग्रज लेखकाची 'नॉर्दर्न लाइट्स' ही कादंबरी आणि तिचे पुढचे दोन भाग आमच्या घरांत मुलांच्या दप्तरांतून आले, तेव्हा ही दोन्ही मते आम्ही ऐकली. दोन्ही मते देणाऱ्यांनी पुस्तक उघडले नव्हते.

हे तीन भाग १९९५ ते २००० या काळात निघाले. २००३ मध्ये बीबीसीने ब्रिटनमधल्या लोकांना आवडती कादंबरी विचारली, तेव्हा ही त्रयी तिसऱ्या क्रमांकावर आली. २००७ मध्ये पहिल्या भागावर चित्रपट निघाला आणि अमेरिकेतल्या कॅथलिक लीगने मुलांना नास्तिक करण्याचे आमिष म्हणून त्यावर बहिष्कार पुकारला. याउलट इंग्लंडचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी २००४ मध्येच, या कथेवरचे नाटक पाहून, धर्मशिक्षणाच्या तासाला तिची चर्चा व्हावी असे सुचवले होते. ज्यांच्या धर्मसत्तेवर टीका, त्यांच्यातच असे दोन तट.

आता आमचे सांगतो. लायरा नावाच्या मुलीच्या जगात प्रत्येकाचा आत्मा शरीराबाहेर, प्राण्याच्या रूपात सोबत हिंडतो. त्याला 'डीमन' म्हणतात. शब्द ऐकताच सैतान आठवतो, अर्थ मात्र तो नाही. आमच्या दादी-नानींना हे समजावून सांगावे लागले नसते. त्यांच्याकडे हमजाद होता, जन्मापासून माणसाबरोबर असणारा. फरक इतकाच की हमजादची भीती वाटायची, लायराचा पॅन तिचा जिवलग आहे. लहान मुलांचा डीमन घडीत पाखरू, घडीत मांजर होतो. वयात आले की त्याचे एकच रूप ठरते. उत्तरेकडे एका ठिकाणी मोठी माणसे, मुले पापापासून वाचावीत या नावाखाली, त्यांना डीमनपासून कापून तोडतात. आमच्यातल्या एका आईने तिथे पुस्तक मिटले आणि दोन दिवस हातात घेतले नाही.

दुसऱ्या भागातला विल सुरीने हवेत खिडकी कापून या जगातून त्या जगात जातो. त्यात आम्हाला परके काय वाटावे? सूरे फातिहाच्या आरंभीच अल्लाह 'आलमीन'चा, साऱ्या जगांचा रब आहे. जिन्नांच्या नावाची तर वेगळी सूरा आहे. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड काढले. अमर अय्यारच्या झंबीलमध्ये अख्खी जगे मावत. ते वाचून-ऐकून कुणाचे ईमान गेले, असे आमच्या वडीलधाऱ्यांनी कधी सांगितले नाही.

अडचण खरी आहे ती तिसऱ्या भागात. तिथे स्वतःला निर्माता म्हणवणारा एक जराजर्जर 'सत्ताधीश' हवेत विरून जातो. तौहीद मानणाऱ्याच्या काळजाला हे लागतेच, लागले नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण नीट वाचले तर कथेत तो निर्माता नाहीच. तो पहिला फरिश्ता, इतरांना खोटे सांगून गादीवर बसलेला. खोटेपणाने रब म्हणवून घेणारा म्हटला की आम्हाला फिरऔन आठवतो, आणि त्याच्या बाजूने रडायचे आम्हाला कारण नाही. पुलमनला हे वाचन पसंत पडेल असे वाटत नाही. तो स्वतः देव मानत नाही आणि खऱ्या मालिकची जागा त्याने रिकामीच ठेवली आहे. तिथे त्याचे-आमचे जमत नाही.

म्हणून हा भाग घरातल्या मोठ्यांनी आधी वाचावा, असे आमच्यात ठरले. बंदी घातली तर मुले चोरून वाचतील आणि विचारणार कुणालाच नाहीत.

आठवीतल्या एका मुलीने विचारलेच : मेल्यावर लायराच्या जगातली माणसे जातात कुठे? पुलमनच्या कथेत मृतांचे रूह अंधाऱ्या जगातून सुटून वाऱ्यात, गवतात मिसळतात. हिशेब नाही, आखिरत नाही. तिला आम्ही ते सांगितले, आणि आमचे उत्तरही सांगितले. तिने दोन्ही ऐकून घेतले, मग याच्या पुढचे पुस्तक आहे का, म्हणाली. आहे. २०१७ पासून त्याच जगाची नवी पुस्तके निघाली आहेत; ती आम्हाला अजून वाचायची आहेत.