मिनिटाची तपासणी, दिवसाचा खाडा

वर्षातून एकदा एचआरचा मेल येतो, ‘फ्री हेल्थ चेकअप’. आपण लगेच कुरकुरतो, उपाशीपोटी कोण जाणार सकाळी सकाळी? माझ्या काकूला असा मेल येत नाही. ती राहते निडीला. दिवा-रोहा लाइनवर नागोठणं सोडलं की लागतं ते छोटंसं स्टेशन. गाड्या मोजक्याच. तपासायला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार, सोबत कुणीतरी हवं आणि रिपोर्टसाठी परत एक खेप. वर ‘तिकडचं’ दुखणं सांगायची लाज! आमच्याकडे ‘तिला टाटाला नेलं’ एवढं म्हटलं, की पुढचं कुणी विचारत नाही.

खरं तर गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आधी चाहूल देतो, अगदी काही वर्षं आधी. ती ओळखायला मोठं मशीन लागत नाही. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या टीमने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवड्यांचं ट्रेनिंग दिलं. सामान काय? पातळ व्हिनेगर, कापूस आणि प्रखर दिवा. व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं. पांढरा डाग उठला, तर पुढच्या तपासणीला पाठवायचं. लॅब नाही, दुसरी खेप नाही. २०१३ मध्ये निकाल जाहीर झाला : तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी!

लहान मुलांचं गणित वेगळं. त्यांच्यासाठी अशी आगाऊ टेस्ट नाही. ब्लड कॅन्सर झालेली बरीच मुलं बरी होतात, पण ट्रीटमेंट दोन-तीन वर्षं चालते. तोवर आईबापांनी मुंबईत राहायचं कुठे? मग उपचार अर्धवट टाकून गावाला परतायची वेळ येते. २००६ मध्ये सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया ही संस्था अशा कुटुंबांना फुकट राहायला जागा देते. औषधाइतकीच ती खोलीही मोलाची.

व्हिनेगरची तपासणी काही त्रास नसताना करायची. काकूची ती वेळ टळलीय. पाळी जाऊन चार वर्षं झाली आणि आता पुन्हा अंगावरून जायला लागलं. असं झालं की थेट डॉक्टर. फोनवर म्हणाली, ‘भाताची कापणी होऊ दे गं आधी.’ शेवटी गावच्या आशाताईच तिला घेऊन गेल्या. बायॉप्सीचा रिपोर्ट यायचाय. आम्ही वाट बघतोय.

तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, असं सरकारी धोरणच आहे. तेव्हा रविवारी गावी फोन लावाल, तेव्हा ‘जेवलीस का?’च्या पुढे एक प्रश्न वाढवा. ती विषय बदलेल. तुम्ही बदलू नका.