वुजू संपत नव्हता

आमची लेक तेरा वर्षांची. फजरला उठायची, वुजूला बसायची आणि अर्ध्या तासाने बाहेर यायची. सुरुवातीला आम्हाला कौतुक वाटले. अंबरनाथच्या आमच्या इमारतीत अभिमानाने सांगायचो, पोरगी किती पाक-साफ राहते! मग हातांची साले निघू लागली, शाळा बुडू लागली. "अम्मी, कोपर भिजलं ना? खरंच भिजलं ना?" दिवसातून वीसदा. आम्ही दरवेळी "हो बेटा" म्हणत राहिलो.

आधी दम करून घेतला, मग मलम लावले. शेवटी उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात हात दाखवायला नेले. डॉक्टरीणबाईंनी तिलाच विचारले, "धुतल्यावर बरं वाटतं का?" ती रडू लागली. "वाटतं, पण दोनच मिनिटं." हा प्रश्न चार महिन्यांत आम्ही एकदाही विचारला नव्हता.

चिठ्ठी मिळाली ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची. हे रुग्णालय १९०१ सालचे. 'ठाण्याला नेले' म्हटले की लोक काय समजतात, ते सांगायला नको. उद्या हिच्या लग्नाचे काय, या धास्तीने चिठ्ठी दोन आठवडे कपाटात राहिली.

ती बाहेर काढायला लावली आमच्या मौलानांनी. म्हणाले, "शंकेने वुजू तुटत नाही, हा फिकहचा नियम आहे. नियम कळूनही पोरीचं मन ऐकत नसेल, तर तो ईमानचा दोष नाही, आजार आहे." अबू झैद अल-बल्खी यांनी अकराशे वर्षांपूर्वी शरीर आणि मनाच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला, त्यात वसवशांवर वेगळे प्रकरण आहे, हेही त्यांच्याचकडून कळले.

ठाण्याला गेलो, केसपेपर काढला, दुपारच्या लोकलने परत आलो. कोणी पोरीला ठेवून घेतले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अल्पवयीन मुलाला दाखल करावेच लागले, तरी पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती सोबत राहते. हे आधी माहीत असते, तर ते दोन आठवडे वाया गेले नसते.

औषध सुरू झाले, समुपदेशन सुरू झाले. आम्हालाही धडा मिळाला: "हो, भिजलं" हे उत्तर द्यायचे नाही. त्या उत्तराने शंका क्षणभर निवते आणि पुन्हा भडकते. लेक विनवते आणि आपण गप्प बसायचे, यासारखे अवघड काम नाही. अजूनही एखादा दिवस वाईट जातो. पण वुजू आता पाच मिनिटांत होतो.

परवा बदलापूरहून नात्यातल्या एका जोडप्याचा फोन आला. मुलगा महिनाभर खोलीबाहेर येत नाही, "कोणाला सांगू नका" म्हणाले. आम्ही त्यांना टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर दिला. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. मुलाची झोप, जेवण, शाळा कधीपासून बिघडली, ते कागदावर लिहून ठेवायला सांगितले. डॉक्टरांसमोर निम्मे विसरायला होते. आणि ज्या दिवशी निघतील, त्या दिवशी अंबरनाथ स्टेशनवर आम्हीही त्याच गाडीत चढू, इन्शाअल्लाह.