तट गेला, वेस राहिली

लिथुआनियातील विल्नियस शहराला १५०३ ते १५२२ या काळात तटबंदी लाभली. अठराव्या शतकाच्या अखेरीस रशियन सत्तेच्या हुकुमाने ती पाडण्यात आली. वेशींपैकी राहिली ती एकच, पहाटेची वेस. तिच्यावरील चॅपेलात दयामाता मरिया आहे; कडेवर बाळ नाही, दोन्ही हात उराशी धरलेले. १९९३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी येथे प्रार्थना केली.

आम्ही उभयता त्या वेशीखाली उभे होतो. वाटसरू क्षणभर थांबत, क्रूसाची खूण करीत आणि पुढे जात. शत्रूला अडविणारा तट गेला होता. माणसांच्या ये-जा करण्याची जागा तेवढी टिकली होती.

आम्हांस आमची वाडी आठवली. बांधावरून थोरल्या बंधूंशी बोलाचाली झाली, तेव्हा आम्ही मध्ये भिंत घातली. तिला वाट ठेवली नाही.

परतल्यावर गवंडी बोलावून भिंतीत दार काढले. कडी लावली नाही. पलीकडे पहिले पाऊल मात्र आम्ही अद्याप टाकलेले नाही. नाताळापूर्वी ते टाकण्याचे बळ मिळावे, एवढेच मातेकडे मागणे आहे.