गायरानाचं देणं

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत आमच्या नावावर गुंठाभरही रान नव्हतं, पण दारात म्हैस होती. ती आईच्या कष्टावर जगते, असं मला लहानपणी वाटायचं. ते निम्मंच खरं होतं.

आई दिवस उगवायला दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची. म्हैस चरायला न्यायची ती शेजारची म्हातारी. आम्ही तिला मावशी म्हणायचो. पुढं तिच्या दोन शेळ्या, मग आमची म्हैस, मागं बुट्टी घेतलेला मी. वाटेवरचं शेण आधी कुणी उचलायचं यावरून मी तिच्याशी भांडायचो. "घे रं लेकरा," ती म्हणायची, "गायरान काय माझ्या बा'चं न्हाई." त्या शेणाच्या शेणी तिच्या भिंतीवरही लागत, आमच्याही. पंचगंगेच्या स्मशानभूमीला लोक शेणी दान करतात, ती बातमी आजही वाचली की मला मावशीची ती भिंत दिसते.

एकदा आईनं उसाच्या बांधावरचं गवत कापलं म्हणून रानमालकानं तिचा विळा काढून घेतला. आई रिकाम्या हातानं घरी आली आणि कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मावशीनं स्वतःचा विळा आणून तिच्या हातात दिला. "गायरानात चल. तितं कोण इचारत न्हाई." आमचं घर त्या एका वाक्यावर उभं राहिलं.

जिल्ह्याचा दूध संघ, आपला 'गोकुळ', 1963 सालचा. गावातल्या संस्थेत दूध घालायचं आणि दर दहा दिवसांनी बिल घ्यायचं. माझ्या वह्या-पुस्तकांचे पैसे त्यातूनच आले. संस्थेच्या पुस्तकात लिटर, फॅट, दर, पेंडीची कपात, सगळं असायचं. गायरानातल्या गवताचा रकाना त्यात नव्हता.

तो रकाना पुढं अर्थतज्ज्ञ एन. एस. जोधा यांनी भरला. 1986 साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात देशातल्या कोरडवाहू भागातली 80हून अधिक गावं होती. तिथल्या गरीब घरांच्या मिळकतीतला 14 ते 23 टक्के वाटा सामायिक जमिनींतून येत होता. ते वाचताना मला आईच्या हातातला विळा आठवला.

गायरान राखायलाच हवं. पण 2022 साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यातली 2 लाख 22 हजारांवर अतिक्रमणं निघाली, तेव्हा भूमिहीनाचं एका खोलीचं घर आणि धनवंताचं कुंपण एकाच यादीत आलं. हे मला मान्य नाही. गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2011च्या निकालातही भूमिहीनांना सरकारनं रीतसर दिलेल्या जागांचा अपवाद होता. घर असलेल्यानं घेरलेलं रान आधी सुटलं पाहिजे.

विमानतळाच्या विस्तारातही गडमुडशिंगीची जमीन गेली. मावशी आता नाही. तिचा विळा आम्ही परत केला नाही, तिनं कधी मागितलाही नाही.

गावकऱ्यांनो, पुढच्या ग्रामसभेत गायरानाचा सातबारा मोठ्यानं वाचून घ्या. किती शिल्लक आहे ते विचारा, आणि आहे तेवढ्यात बिनरानाच्या माणसाची म्हैस चरू द्या.