गॉटहार्ड ते सेमरिंग, जुन्या रुळांवरून

झुरिकहून मिलानला रेल्वेनं जायचे दोन मार्ग आहेत. पहिला 2016 साली खुला झालेल्या गॉटहार्डच्या नव्या बोगद्यातून. 57 किलोमीटरचा हा बोगदा जगातला सर्वांत लांब रेल्वेबोगदा. गाडी आल्प्सच्या पोटातून वीसेक मिनिटांत पलीकडे निघते आणि सव्वातीन-साडेतीन तासांत मिलान येतं. दुसरा मार्ग 1882 सालचा. तो दरीच्या कडेकडेनं चढतो, डोंगराच्या आत गोल गोल फिरत उंची गाठतो आणि जुन्या बोगद्यातून पलीकडच्या उतारावर उतरतो. वेळ बराच जास्त लागतो, वाटेत गाडीही बदलावी लागते. स्वित्झर्लंड, इटली, स्लोव्हेनिया आणि ऑस्ट्रिया अशी आमची सगळी सुट्टी रेल्वेनंच घालवायची होती. बेत आखतानाच ठरलं होतं, की जिथं जुना घाटमार्ग चालू असेल तिथं त्याच मार्गानं जायचं. कर्जतला गाडीच्या मागं बँकर इंजिन लागताना होणारा धक्का लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या माणसाला घाटाची ओढ असतेच.

जुन्या मार्गावर आता ‘त्रेनो गोत्तार्दो’ नावाची तांब्याच्या रंगाची गाडी धावते. झुरिक सोडल्यावर झुगचं सरोवर, मग उरीचं सरोवर असं पाणी बराच वेळ सोबत राहतं. एर्स्टफेल्डपासून खरी चढण सुरू होते. पुढं वासेन नावाचं गाव आहे. गावाच्या टेकाडावरचं पांढरं चर्च आधी मान वर करून पाहावं लागतं. गाडी बोगद्यात शिरते, बाहेर येते, तेव्हा तेच चर्च खिडकीच्या बरोबरीला असतं. आणखी एक फेरा झाला की ते खाली, दरीत दिसतं. एकाच चर्चची ही तीन दर्शनं म्हणजे इंजिनिअरांनी सोडवलेलं गणित आहे. रुळाचा चढ एका मर्यादेपलीकडे नेता येत नाही, म्हणून अंतरच वाढवायचं, आणि दरीत जागा नाही म्हणून ते डोंगर कोरून आत वाढवायचं. डब्यातली स्विस मंडळी वर्तमानपत्रातून डोकं काढत नव्हती. आम्ही मात्र या खिडकीतून त्या खिडकीत धावत होतो.

ग्योशेनेनला जुन्या बोगद्याचं तोंड लागतं. लांबी 15 किलोमीटर. जिनिव्हाच्या लुई फाव्रनं हा ठेका 1872 साली घेतला, आठ वर्षांत काम पुरं करायच्या अटीवर, आणि उशीर झाला तर रोजचा जबर दंड कबूल करून. डायनामाइट तेव्हा नवं होतं. डोंगरातल्या नद्यांच्या पाण्यावर हवा दाबून त्या हवेवर छिद्रं पाडणारी यंत्रं चालवली गेली. आत काम करणारे बहुतेक सगळे उत्तर इटलीतले गरीब शेतकरी आणि मजूर होते. तापमान तीस अंशांच्या वर, हवेत स्फोटाचा धूर, आणि शौचाची सोय नसल्यामुळं चिखलात पसरलेले अंकुशकृमी. माणसं पांढरीफटक पडून खंगत. तोरिनोमधल्या डॉक्टरांनी या कामगारांना तपासलं, तेव्हा कुठं 1880 च्या सुमारास या पंडुरोगाचं कारण कळलं. त्याआधी, 1875 साली, ग्योशेनेनला कामगारांनी संप केला होता. त्यांच्यावर गोळीबार झाला आणि चार जण मेले. बोगद्यातल्या अपघातांत मेलेल्यांचा आकडा जवळजवळ दोनशे धरतात. रोगानं घरी जाऊन मेलेले त्यात नाहीत.

फाव्रही वाचला नाही. 1879 च्या जुलैत बोगद्याची पाहणी करताना आतच त्याचं हृदय बंद पडलं. पुढच्या फेब्रुवारीत दोन्ही बाजूंच्या तुकड्या मधोमध भेटल्या, तेव्हा पहिल्या भोकातून पलीकडे सर्वांत आधी त्याची तसबीर सरकवली गेली. ठेकेदाराबद्दल कामगारांना इतकी माया असावी, याचं मला नवल वाटतं. पण तोही त्यांच्याच बोगद्यात मेला होता, हे विसरता येत नाही.

बोगद्यात जर्मन सूचना ऐकत शिरावं आणि बाहेर यावं तर ऐरोलो, दुकानांच्या पाट्या इटालियन. आम्ही इथं उतरलो, कारण स्थानकाजवळ विन्चेन्झो वेलाचं शिल्प आहे: ‘श्रमाचे बळी’. ब्राँझमधलं हे उठावशिल्प आहे. स्ट्रेचरवर मेलेला सोबती आणि त्याला बाहेर आणणारे कामगार. कुणी मोठं नाही, कुणी सेनापती नाही, घोडा नाही, तलवार नाही. नजर जाते ती वाहणाऱ्यांच्या पाठींवर. ओझ्यानं वाकलेल्या, अरुंद जागेत सरळ होता न येणाऱ्या त्या पाठी पाहताना बोगद्याची उंची अंगावर येते. वेला स्वतः लहानपणी दगडाच्या खाणीत राबलेला. हे काम त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यानं आपणहून केलं. ऐरोलोत ते उभं राहिलं 1932 साली, रेल्वेला पन्नास वर्षं झाली तेव्हा. शिल्पकार तोवर केव्हाच गेला होता. पुढची गाडी येईपर्यंतचा सगळा वेळ आम्ही तिथंच काढला. आसपास दुसरं कुणी नव्हतं.

उतारावर पुन्हा तसेच गोल बोगदे, मग बेलिनझोनाचे किल्ले, लुगानोचं सरोवर, सरहद्दीवरचं कियासो. मिलानचं मध्यवर्ती स्थानक 1931 सालचं, डोळे दिपवणारं. पण त्याच्या भव्यतेपेक्षा त्याच्या तळघराबद्दल सांगायला हवं. फलाटांच्या खाली टपालाचे डबे भरायची जागा होती. 1943 ते 1945 या काळात तिथं ज्यूंना आणि राजकीय कैद्यांना मालडब्यांत कोंबत, आणि ते डबे लिफ्टनं वर रुळांवर आणत. वर प्रवाशांची वर्दळ चालू असायची, कुणाला काही दिसायचं नाही. 1944 च्या 30 जानेवारीला इथून आउशवित्सला गेलेल्या सहाशेहून अधिक माणसांत तेरा वर्षांची लिलियाना सेग्रे होती. ती परत आली आणि पुढं इटलीची आजीव सिनेटर झाली. या तळघरात आता स्मारक आहे. तिच्याच आग्रहावरून त्याच्या प्रवेशाशी असलेल्या भिंतीवर एकच शब्द प्रचंड अक्षरांत कोरला आहे: बेपर्वाई. मिलानमध्ये वेळ कमी असेल तर मी खरेदीचा बाजार सोडीन, हे तळघर सोडणार नाही.

मिलानहून त्रिएस्तेपर्यंतचा प्रवास सपाट मैदानाचा, त्याबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही. फक्त शेवटचा टप्पा जागं राहून पाहावा. माँफाल्कोनेच्या पुढं गाडी उजवीकडे एड्रियाटिक समुद्र ठेवून कड्यावरून जाते. जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट: भारतीय प्रवाशांना युरेल पास मिळतो, इंटररेल हा युरोपात राहणाऱ्यांसाठी असतो. आणि पास असला तरी इटलीतल्या वेगवान गाड्यांना वेगळं आरक्षण लागतं.

त्रिएस्ते 1918 पर्यंत ऑस्ट्रियाचं होतं, साम्राज्याचं मुख्य बंदर. व्हिएन्नाहून इथवरची दक्षिण रेल्वे 1857 साली पुरी झाली. ल्युब्लियानाची गाडी आधी समुद्राच्या कडेनं मागं जाते आणि मग कार्स्टच्या चुनखडीच्या पठारावर चढते. वरून पाण्यावर शेवटची नजर टाकून घ्यावी. पोस्तोयनाची प्रसिद्ध गुहा याच मार्गावर आहे. तिच्या आत 1872 पासून छोटे रूळ आहेत, आणि सुरुवातीला पाहुण्यांचे डबे वाटाडे हातांनी ढकलत. पुढं बोरोव्हनित्साला या मार्गावरचा सर्वांत दांडगा पूल होता, दोन मजली कमानींचा, जवळजवळ सहाशे मीटर लांब. दुसऱ्या महायुद्धात 1941 साली माघार घेणाऱ्या युगोस्लाव्ह सैन्यानं तो तोडला, नंतर दोस्तांच्या बाँबफेकीनं उरलासुरला पाडला. आज त्याचा एकच खांब गावात उभा आहे. रूळ आता वळसा घेऊन जातात. ल्युब्लियानाच्या स्थानकावर जेम्स जॉइसच्या नावाची खूण आहे. 1904 साली त्रिएस्तेला निघालेले तो आणि नोरा चुकून इथं उतरले आणि रात्र त्यांना इथंच काढावी लागली. रेल्वेनं हिंडणाऱ्या प्रत्येकाला त्या दोघांबद्दल जवळीक वाटेल.

मारिबोर, ग्राझ आणि मग सेमरिंग. या घाटासाठीच मी सगळा बेत मागून पुढं असा आखला होता. ग्लोग्निट्सपासून म्युर्त्सुश्लागपर्यंतचा हा 41 किलोमीटरचा मार्ग 1848 ते 1854 या काळात बांधला गेला. इंजिनिअर कार्ल फॉन गेगा, जन्म व्हेनिसचा, वंश अल्बानियन. काम सुरू झालं तेव्हा इतका चढ ओढणारं इंजिनच नव्हतं. मार्ग बांधत असताना, 1851 साली, त्यासाठी स्पर्धा भरवावी लागली. डायनामाइटचा शोध अजून लागायचा होता, म्हणून सगळे बोगदे साध्या सुरुंगाच्या दारूवर. एका वेळी वीस हजारांच्या आसपास माणसं राबत होती, आणि शेकडो गेली, बहुतेक टायफस आणि कॉलऱ्यानं. काल्टे रिनेच्या दरीवरचा दुमजली पूल 46 मीटर उंच आहे आणि तोही वळणावर. गाडी इतकी वळते की आपल्याच गाडीचं इंजिन पुलावर शिरताना खिडकीतून दिसतं. 1998 साली हा मार्ग जागतिक वारसा ठरला.

हे वाचताना भोर घाट आठवणारच. सेमरिंग पुरा झाला आणि दोनच वर्षांनी, 1856 साली, आपल्याकडे काम सुरू झालं. सेमरिंगचा चढ सुमारे चाळिसात एक, भोर घाटाचा सदतिसात एक. पंचवीस बोगदे, खंडाळ्याखाली गाडीची दिशा उलटवणारं स्थानक, एका वेळी चाळीस हजारांवर मजूर, आणि तोच कॉलरा. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर काही आठवड्यांतच वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिनं ठेका पुढं चालवला. 1863 च्या एप्रिलमध्ये घाट खुला झाला. मुख्य इंजिनिअर बर्कलेसाहेबाचं नाव पुस्तकांत आहे, ॲलिसचंही आहे. घाट फोडणारे बिगारी कोणत्या गावांचे, किती मेले, हे मात्र आपल्या शाळेच्या एकाही पुस्तकात मी वाचलं नाही. ऐरोलोतल्या त्या ब्राँझसमोर मला सर्वांत जास्त टोचलं ते हेच. खंडाळ्याला असं एक शिल्प असायला हवं, आणि ते उभं करायला आपल्याला कुणाच्या परवानगीची वाट पाहायचं कारण नाही.

जायचं असेल त्यांनी फार लांबणीवर टाकू नये. सेमरिंगखाली 27 किलोमीटरचा नवा बोगदा तयार होतो आहे आणि तो 2030 च्या सुमारास सुरू व्हायचा आहे. मग लांब पल्ल्याच्या गाड्या गॉटहार्डसारख्याच खालून जातील. तोवर व्हिएन्ना-ग्राझच्या कोणत्याही दिवसाच्या गाडीत बसलात तर गेगाचा घाट तिकिटात येतोच. आणि झुरिकहून निघताना तिकीटखिडकीवर ऐरोलोमार्गे असं सांगा. तिथं उतरा, शिल्पासमोर थोडा वेळ उभे राहा आणि मागच्या गाडीनं पुढं जा.